कावेरीच्या चिखलातली मराठी पागा

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना अय्यमपेट्टै मागे पडले की पापनाशम लागते. कुडमुरुट्टी आणि तिरुमलैराजन या कावेरीच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात हे गाव वसले आहे. गावाला लागूनच तिरुप्पालैत्तुरै येथे पालैवननाथाचे देऊळ आहे आणि देवळापाशी विटांचे एक प्रचंड कोठार उभे आहे. तंजावरच्या नायक राजांच्या काळात, 17व्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधले गेले. उंची 36 फूट आणि आत मावणारे भात 3000 कलम. एका देवळाला एवढे भात साठवायला लागत होते, यावरून या मुलखात काय पिकत होते आणि कशाच्या बळावर राज्ये चालत होती, ते समजते.

तंजावरच्या भोसल्यांबद्दल मराठीत लिहिले जाते ते बहुतेक सरस्वती महालाबद्दल, सरफोजीराजांच्या विद्याव्यासंगाबद्दल, लावण्या-कीर्तनांबद्दल आणि सांबाराबद्दल. हे राज्य घोड्याच्या पाठीवर आले, हे मात्र सहसा कोणी आठवत नाही. दख्खनच्या कोरड्या माळावर, ज्वारीच्या कडब्यावर आणि हरभऱ्याच्या चंदीवर पोसलेली घोडदळाची विद्या गुडघाभर चिखलाच्या आणि नदीमागून नदीच्या मुलखात आली. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत तिचे काय झाले, ही एक स्वतंत्र कहाणी आहे, आणि माझ्या मते ती तंजावरच्या संगीताइतकीच मोलाची आहे.

सुरुवात पापनाशमच्या परिसरातच होते. 1673 मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावर जिंकले, म्हातारा विजयराघव नायक लढता लढता पडला आणि गादीवर चोक्कनाथाचा भाऊ अळगिरी बसला. तंजावरच्या जुन्या घराण्यातला चेंगमलदास हा मुलगा तेवढा वाचला. त्याचा पक्ष घेऊन लोक विजापूरला गेले. आदिलशहाने या कामगिरीवर शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी म्हणजे एकोजीराजे यांना पाठवले. अय्यमपेट्टैच्या लढाईत अळगिरीचा मोड झाला आणि तंजावरचा रस्ता मोकळा झाला. चेंगमलदासाला गादीवर बसवायचे असा विजापूरचा हुकूम होता, पण व्यंकोजीराजे स्वतःच राजे झाले. बहुतेक इतिहासकार हे 1675-76 सालचे धरतात. ज्या अय्यमपेट्टैत हे घडले ते आज पापनाशम तालुक्यात मोडते.

व्यंकोजीराजांबरोबर जी फौज आली, तिची घडी कशी होती हे समजून घ्यायला सभासदाची बखर उपयोगी पडते. ती थोरल्या महाराजांच्या, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या सैन्याबद्दल बोलते. तरी शहाजीराजांच्या दोन्ही मुलांनी फौजेचे धडे एकाच दख्खनी परंपरेत घेतले होते. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल, या दोन गोष्टींची सोय हवालदाराच्या पातळीवर केली होती, यातच या विद्येचे मर्म आहे. योगायोग असा, की कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर रचली ती छत्रपती राजाराम महाराजांच्या पदरी, जिंजीला. मराठी पागेचे हे प्रसिद्ध वर्णन तमिळ भूमीवरच कागदावर उतरले.

शिवाजीमहाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र अनेकांनी वाचलेले असते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळली तर पुढे घोडी मरतील, दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजी जळतील, असे बारकावे त्यात आहेत. राज्यकर्ता वैरणीच्या गंजीपर्यंत उतरून विचार करतो, कारण घोडा हे दररोज खाणारे शस्त्र आहे. तलवार म्यानात ठेवली की तिला काही लागत नाही. घोड्याला दोन वेळा तोबरा लागतो, खरारा लागतो, कोरडे ठाण लागते.

आणि कोरडे ठाण हीच कावेरीच्या मुखाशी दुर्मीळ वस्तू.

कल्लणैच्या बंधाऱ्यापाशी कावेरीचे पाणी वाटले जाते. कावेरी, वेण्णार, कुडमुरुट्टी, वेट्टार, अरसलार, तिरुमलैराजन आणि या प्रत्येकीतून निघालेले पाट असे जाळे समुद्रापर्यंत पसरते. शेत म्हणजे बांध घातलेले पाणी. घोड्याचा पाय अशा जमिनीत रुततो, खूर सतत ओला राहून कुजतो, नाल सैल होऊन निसटतो. चरायला माळरान नाही. ज्वारी नाही म्हणून कडबा नाही. मिळतो तो भाताचा पेंढा, ज्यात घोड्याच्या अंगी लागेल असे फारसे काही नसते. दाण्याला हरभऱ्याऐवजी कुळीथ, ज्याला तमिळमध्ये कोळ्ळु म्हणतात. तो मात्र घोड्याला मानवतो आणि दक्षिणेतली सगळी घोडदळे, पुढे इंग्रजांचीही, कुळथावरच जगली.

तमिळ देशातली घोड्याची ही अडचण मराठे येण्याच्या कितीतरी आधीपासूनची. 13व्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो या किनाऱ्यावर आला, तेव्हा पांड्य राजे दरवर्षी हजारोंनी घोडे समुद्रापलीकडून विकत घेत असल्याचे त्याने नोंदवले. या देशात घोडे निपजत नाहीत, त्यांची निगा राखणारी माणसे नाहीत, त्यांना शिजवलेला भात आणि मांस चारतात आणि वर्षाअखेरीस बहुतेक मरून जातात, असे तो लिहितो. अरबस्तानच्या व्यापाऱ्यांना हा धंदा फारच किफायतशीर होता. तमिळ भक्तिपरंपरेतली एक प्रसिद्ध कथाही घोड्यांच्या खरेदीचीच आहे. पांड्य राजाचा मंत्री माणिक्कवाचकर घोडे आणायला म्हणून खजिना घेऊन किनाऱ्याकडे निघाला आणि तिरुप्पेरुंदुरै येथे गुरू भेटताच तो सगळा पैसा शिवमंदिराला लावून बसला. राजाने घोडे मागितले तेव्हा शंकराने कोल्ह्यांचे घोडे करून पाठवले आणि रात्री त्यांचे पुन्हा कोल्हे झाले. राजाच्या खजिन्यातला केवढा वाटा घोड्यांवर जात असेल, याची कल्पना या कथेतून येते.

याहून मोठा फरक पडला तो पंचांगात. दख्खनमध्ये पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत. घोडी छावणीत, स्वार शेतावर. दसऱ्याला सीमोल्लंघन, घोड्यांची पूजा, आपट्याची पाने, आणि मग मे महिन्यापर्यंत मोहीम. मराठी फौजेचे अवघे वर्ष या घडीवर बेतलेले. तंजावरला ही घडी उलटी पडते. कावेरीला पाणी चढते ते आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, कोडगूच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचे. तमिळ लोक आडीच्या अठराव्या दिवशी नदीच्या पुराचा सण करतात. त्यानंतर दसरा येतो, आणि नेमका तेव्हाच इथला खरा पाऊस सुरू होतो. ईशान्य मोसमी वारे ऑक्टोबर ते डिसेंबर झोडपतात. सांबा भात शेतात उभे असते ते पोंगलपर्यंत, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत. दसऱ्याच्या मुहूर्तावर घोड्यावर बसून बाहेर पडावे, तर समोर पाणीच पाणी. तंजावरातही दसरा होई, शस्त्रे पुजली जात. तमिळ देवळांत त्या दिवशी देवाची स्वारी लाकडी घोड्यावर बसून निघते आणि वन्नीच्या झाडावर बाण सोडते. वन्नी म्हणजे आपली शमीच. दोन्हीकडचा विधी इतका जवळचा की मराठ्यांना तो परका वाटला नसणार. पण ऋतू मात्र जुळला नाही. इथे घोडदळाचे दिवस खरे म्हणजे सुगी झाल्यानंतरचे, माघ-फाल्गुनापासून आषाढाच्या तोंडापर्यंतचे.

ही जमीन ज्याला कळली तो जिंकला, ज्याला कळली नाही तो बुडाला. तंजावरच्या लष्करी इतिहासातले बरेचसे प्रसंग या एका सूत्रात बसतात.

1677 मध्ये शिवाजीमहाराज कर्नाटकच्या मोहिमेवर आले. कोळ्ळिडम नदीच्या उत्तर काठावर तिरुमळवाडीला दोघा भावांची भेट झाली. वाटणीचे बोलणे फिसकटले आणि व्यंकोजीराजे रात्रीच नदी उतरून तंजावरला निघून गेले. महाराज परत फिरल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यांनी मागे ठेवलेल्या संताजी भोसल्यांच्या फौजेशी व्यंकोजीराजांची लढाई झाली, तीही नदीच्या उत्तरेस, वालिकंडपुरमच्या कोरड्या पट्ट्यात. दिवसा व्यंकोजीराजांच्या घोडदळाने बाजी मारली. संताजी मागे हटले, पण रात्री पुन्हा खोगिरे चढवून परतले. विजयी फौज घोड्यांवरचे जीन उतरवून निवांत झोपली होती. आगाडी-पिछाडीत बांधलेला, पाठ उघडी असलेला घोडा ऐनवेळी काही कामाचा नसतो. त्या रात्री भावाभावांच्या भांडणाचा निकाल लागला.

पुढचे मोठे पर्व प्रतापसिंहराजांच्या काळातले. 1739 ते 1763 अशी चोवीस वर्षे त्यांनी राज्य केले. फ्रेंच, इंग्रज, अर्काटचा नवाब, चंदासाहेब, म्हैसूर आणि गुत्तीचे मुरारराव घोरपडे एवढे सगळे याच काळात कावेरीच्या काठावर एकमेकांशी झुंजत होते. प्रतापसिंहांचा सेनापती होता मनोजी अप्पा, इंग्रजी लिखाणात ज्याचे नाव मनकजी, मोनकजी असे कसेही येते. 1752 मध्ये त्रिचनापल्लीच्या वेढ्यात इंग्रज आणि नवाब महंमदअली यांच्या मदतीला तंजावरने 3000 घोडेस्वार आणि 2000 पायदळ पाठवले ते मनोजीच्याच हाताखाली. वेढा मोडला, चंदासाहेब मनोजीच्या स्वाधीन झाला आणि मारला गेला. या सेनापतीच्या नावाची वीथी आजही तंजावर शहरात आहे. तिथून रोज जाणाऱ्या माणसांना तो कोण होता हे क्वचितच ठाऊक असेल.

मनोजीचे खरे कसब दिसले ते मुराररावांच्या स्वारांशी गाठ पडली तेव्हा. मुराररावांचे घोडदळ म्हणजे त्या काळच्या दक्षिणेतले सर्वांत तिखट. मोकळ्या मैदानात त्यांच्याशी बरोबरी करणे तंजावरच्या स्वारांना जमणारे नव्हते. मुराररावांची एक तुकडी लूट करत थेट समुद्रकिनाऱ्याकडे गेली. मनोजीने तिला नद्यांच्या फाट्यांमध्ये कोंडले. पाणी कुठे किती, उतार कुठे आहे, कोणत्या बांधावरून घोडा जाईल आणि कोणत्या बांधावर रुतेल, हे त्याला माहीत होते आणि गुत्तीच्या माळावरून आलेल्यांना नव्हते. ती तुकडी जवळजवळ कापली गेली. मराठी स्वार मराठी स्वाराला हरवत होता, आणि जिंकणारा होता तो ज्याने तमिळ जमीन आपलीशी केली होती. माझ्या मते तंजावरच्या मराठी घोडदळाचा हा सर्वांत मोठा क्षण. त्यांनी दख्खनची विद्या नुसती जपली नाही, तिला नवे पाय दिले.

दरबारी कारस्थानांना हे यश बघवले नाही. मनोजीला बाजूला सारून सेनापतिपद राजाच्या नात्यातल्या गाडेरावाकडे दिले गेले. 1754 च्या उन्हाळ्यात गाडेराव तिरुक्काट्टुपल्लीजवळ सुमारे 1500 स्वारांसह उतरला होता. नद्या आटलेल्या. मुराररावांनी रातोरात कावेरी ओलांडून छापा घातला. ऑर्म या इंग्रज इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे त्यातले जेमतेम 300 वाचले. पाणी ओसरले की हा मुलूख पुन्हा घोड्यांचा होतो, हे तिथे पहारा ठेवणाऱ्याला कळायला हवे होते. प्रतापसिंहांनी मनोजीला परत बोलावले.

1758 चा प्रसंग तर एखाद्या पोवाड्याचा विषय व्हावा असा. पाँडिचेरीचा नवा फ्रेंच सरदार लाली पैशासाठी कासावीस झाला होता. प्रतापसिंहांनी 1749 मध्ये संकटात सापडले असताना 56 लाख रुपयांचे कर्जरोखे लिहून दिले होते, ते त्याने उकरून काढले आणि कारैकाल, नागूर, तिरुवारूरमार्गे देवळे लुटत तो तंजावरला येऊन धडकला. ऑगस्टच्या आरंभी मोर्चे लागले. पण दारूगोळा कमी, अन्न त्याहून कमी, आणि इंग्रजांचे आरमार कारैकालसमोर दिसल्याची बातमी. लालीने माघारीचे ठरवले. 10 ऑगस्टच्या पहाटे किल्ल्यातून 50 घोडेस्वार बाहेर पडले. संथ चालीने, नोकरीच्या शोधात असलेल्या शिलेदारांसारखे, ते फ्रेंच छावणीकडे आले. आम्ही तुमच्याकडे चाकरीला येतो, असा त्यांचा बहाणा. लाली भेटायला बाहेर आला. म्होरक्या पुढे झाला आणि त्याने एकाएकी तलवारीचा वार केला. लालीने तो हातातल्या काठीवर झेलला. मग एकच गोंधळ उडाला. पहारेकऱ्यांच्या फैरी, भरधाव घोडे, काही स्वार जागीच पडले, काही घोड्यांसकट तळ्यात शिरले. पाठोपाठ मनोजी फौज घेऊन किल्ल्याबाहेर पडला. लाली वाचला, पण त्याचा वेढा उठला आणि कारैकालपर्यंतच्या वाटेवर तंजावरच्या स्वारांनी त्याच्या उपाशी, तहानलेल्या सैन्याचा पिच्छा सोडला नाही. नकली चाकरीचा बहाणा, सरळ शत्रूच्या तंबूपर्यंत जाणे, नेमका एकाच माणसावर वार. हा डाव दख्खनी मातीतला आहे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

असे पन्नास स्वार तयार कसे होत असतील? चाल संथ ठेवायची, घोडा बिचकू द्यायचा नाही, मग एका इशाऱ्यावर चौखूर उधळायचा. यामागे वर्षांची मेहनत असते. युरोपात याच शतकात घोडा आणि स्वार छताखाली शिकत होते. व्हिएन्नाच्या राजवाड्यातले हिवाळी अश्वशिक्षणगृह 1729 ते 1735 या काळात बांधले गेले. नक्षीकामाचे, झुंबरांचे दालन, वाळूची जमीन, भिंतीकडेने सज्जे. त्याच वर्षांत तंजावरला पहिले तुळजाराजे राज्य करत होते. पुढे युरोप-अमेरिकेच्या लष्करी शाळांमध्ये अशी बंदिस्त रिंगणे आवश्यक ठरली, कारण बाहेर बर्फ असले तरी कवायत चुकता कामा नये.

आपल्याकडे शिकण्याची जागा म्हणजे पागेपुढचे मोकळे पटांगण. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने 12व्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात घोडे फिरवण्याच्या अशा खास मैदानाचे आणि त्यावरच्या चेंडूच्या खेळाचे वर्णन आहे. मराठ्यांच्या पागेत शिंगराला आधी चाबुकस्वार हाताळी. लांब दोरीवर गोल फिरवून त्याला दोन्ही अंगांना वळायला शिकवी, मग लगामाची, मग खोगिराची सवय. स्वाराची परीक्षा बोथाटीत. लांब बांबूच्या टोकाला कापडाचा गोळा बांधायचा आणि घोड्यावरून एकमेकांना हुलकावण्या देत तो अंगाला लावायचा. यात मांड पक्की लागते आणि घोडा गुडघ्याच्या दाबावर फिरावा लागतो, कारण दोन्ही हात काठीत गुंतलेले असतात. कावेरीकाठच्या नदीपात्रांनी या शिक्षणाला एक देणगी दिली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मैलभर रुंद वाळू उघडी पडते. व्हिएन्नाच्या दालनात गाड्यांनी आणून पसरावी लागे ती वाळू इथे नदीने आयती पसरलेली.

1773 मध्ये अर्काटच्या नवाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर घेतले, तुळजाराजे दुसरे कैद झाले आणि 1776 मध्ये कंपनीने त्यांना पुन्हा गादीवर बसवले. तेव्हापासून किल्ल्यात कंपनीची फौज आणि राज्याच्या माथी तिचा खर्च. पागेचा कणा इथेच मोडला. हैदरअलीच्या स्वारांनी 1781 मध्ये हा मुलूख उद्ध्वस्त केला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे भात कापून झाल्यावर, टिपूने कुंभकोणमच्या बाजूला अण्णगुडीजवळ कर्नल ब्रेथवेटच्या सैन्याला घोडदळाने वेढून शरण आणले. तंजावरचे स्वतःचे घोडदळ या सगळ्यात कुठेच नव्हते. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा तेवढा उरला. कंपनीला घोडे हवेच होते, पण ते तिने 1824 पासून होसूरजवळ मत्तिगिरीला, कोरड्या पठारावर निपजवले. भाताच्या मुलखात घोड्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही, हा पांड्यांना शतकानुशतके महाग पडलेला धडा कंपनीने चटकन घेतला.

सरफोजीराजांकडे लढायला फौज नव्हती. घोड्यांची पारख मात्र होती. 1826 च्या मार्चमध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर त्यांना भेटला. रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या युरोपीय पंडितांची नावे तोंडावर असलेला, शेक्सपियरबद्दल बोलणारा हा राजा आसपासच्या इंग्रज अधिकाऱ्यांत घोड्यांचा जाणकार आणि वाघाच्या शिकारीतला अचूक नेमबाज म्हणून मानला जातो, असे हेबरने पत्रात लिहिले. लष्करी अधिकारी घोड्याच्या बाबतीत उगाच कोणाला मान देत नाहीत. ही पारख पिढीजात होती.

आणि तिचे कागद सरस्वती महालात आहेत. नकुलाच्या नावावरचे ‘अश्वशास्त्र’ या ग्रंथालयाच्या संग्रहातून रंगीत चित्रांसह 1952 मध्ये छापले गेले. घोड्याचे रंग, अंगावरचे भोवरे, दातांवरून वय, चालींचे प्रकार, ऋतूप्रमाणे आहार आणि आजारांवरचे उपाय हा अशा ग्रंथांचा विषय. आपल्याकडचे जुने सालोत्री हेच ज्ञान तोंडी बाळगून असत. छातीवर देवमण असलेला घोडा शुभ, चार पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी त्याहून शुभ, गोमीचा भोवरा असलेला नको. यातला शकुनांचा भाग आज कोणी मानणार नाही. पण दात, खूर, चारा आणि चाल यांचे निरीक्षण शतकांच्या अनुभवातून आलेले आहे आणि त्याची चित्रे काढून ठेवण्याइतके महत्त्व ज्या दरबाराला वाटले, त्याने घोड्यावर मनापासून प्रेम केले होते.

29 ऑक्टोबर 1855 रोजी दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले. वर्षभरात कंपनीने राजवाड्यातली मालमत्ता ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दाद मागितली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1859 मध्ये हे राज्यकृत्य आहे, न्यायालय त्यात पडू शकत नाही असा निकाल दिला. पुढे खासगी मालमत्ता काही प्रमाणात परत मिळाली. पागा संपली होती.

घोडा लोकांत मात्र उरला. तंजावरची पोय्क्काल कुदिरै ही कला पाहावी. नर्तक पायांना लाकडी पाय बांधतो, कमरेभोवती पोकळ घोड्याचा सांगाडा अडकवतो, लगाम हातात धरतो आणि नैयांडी मेळाच्या तालावर दुडकी, कदम, चौखूर अशा सगळ्या चाली नाचून दाखवतो. राजा आणि राणीच्या वेशात जोडीने नाचतात. ही कला मराठ्यांबरोबर महाराष्ट्रातून आली, असे तंजावरचे कलावंत परंपरेने सांगतात. गोव्यात शिगम्याला नाचली जाणारी घोडेमोडणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नाते सांगावे लागणार नाही. तिथेही कमरेला घोडा, हातात तलवार आणि आठवण स्वारांची. गावोगावच्या वेशीवर अय्यनारचे मातीचे उंच घोडे मराठ्यांच्या आधीपासून उभे होते. त्यांच्या शेजारी हा नाचणारा मराठी घोडा येऊन बसला, आणि आज तमिळनाडूत कोणी त्याला परका म्हणत नाही.

तंजावर दरबाराचे मोडी कागद गठ्ठ्यागठ्ठ्यांनी शिल्लक आहेत. कारखाने, खर्च, नोकरचाकर, सणवार, दानधर्म अशा रोजच्या व्यवहाराच्या नोंदी त्यांत आहेत आणि त्यांची भाषा मराठी आहे. त्यांतल्या निवडक कागदांचे तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने 1989 मध्ये तीन खंडांत काढले. हे मोठे काम आहे आणि त्याबद्दल त्या अभ्यासकांचे आपण ऋणी असायला हवे. पण मराठीत लिहिलेले हे कागद आज मराठी वाचकापेक्षा तमिळ वाचकाच्या अधिक जवळ आहेत, ही गोष्ट मनाला लागते. महाराष्ट्रात आता ठिकठिकाणी मोडीचे वर्ग चालतात, तरुण मुले उत्साहाने लिपी शिकतात आणि पुढे वाचायला काय घ्यावे हे त्यांना कळत नाही. त्यांनी तंजावरला जावे. तमिळ शिकलेला एखादा मित्र सोबत घ्यावा, सरस्वती महालात बसावे आणि दरबाराचा जमाखर्च ओळीने वाचायला घ्यावा. पागेचा इतिहास लिहायला लागणारा कागद तिथे आहे. लिहिणारा मराठी हात हवा आहे.